हात न धुता या

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, उत्तमराव या निवृत्त एसटी कंडक्टरवर अन्याय झाला. त्यांची वांगी, टोमॅटो, दोडका, पुदिना आणि माझं कारलं कुंड्यांसकट उचलून खाली पार्किंगमध्ये, जिथं ऊन फिरकत नाही अशा कोपऱ्यात, स्कूटरांच्या मागं नेऊन ठेवण्यात आलं. हुकूम सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांचा. कारण फलकावर लावलं होतं: 'बाहेरचे लोक हात धुण्यासाठी गच्चीवर येतात.'

कारण खरं आहे. येतात.

उत्तमरावांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांच्या बागेचा नियम एकच: कुणीही यावं, पण हात न धुता यावं. हात कुंडीवर धुवायचे. जेवून आलात तरी कुंडीवर, गाडीची चेन बसवून आलात तर आधी चिंधीला पुसून मग कुंडीवर. साबण मागितला की मास्तर म्हणतात, "साबणवाल्यांनी पुढच्या गाडीनं यावं."

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले ती आमच्या पर्यावरण गटाचं पाणीबचतीचं पत्रक घेऊन. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल विचारावं तसं विचारतात: येणार म्हणालेत, पण नक्की काही नाही. तेव्हा हे पत्रक दारोदार वाटणं मला माझं कर्तव्य वाटत होतं. मास्तरांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचलं. तोवर पत्रक पूर्ण वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"ताई, हात धुतलेत का?"

"नाही."

"लई झाक! चला गच्चीवर. पुढं सरका, पुढं सरका, मागून मानसं येतायत."

मी मागं वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

गच्ची म्हणजे बस होती. दोन्ही बाजूंना कुंड्यांच्या रांगा, मधून चालायला वाट, प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगात सीट नंबर. सगळ्यांत पुढं तुळस. "ती डायवर. तिच्याशी बोलायचं नाय, गाडी चालू असताना." एका उंच ड्रममध्ये गंगापूरच्या गावाकडून आणलेला ऊस. "त्याला बसायला जागा नाय भेटली, उभाच आलाय बिचारा." दाराजवळच्या पिंपात इमारतीभरातली सालं, देठं, चहाचा चोथा कुजत असतो. ते लगेज. त्याचं सहा महिन्यांनी काळंभोर खत होतं आणि मास्तर ते मुठीत घेऊन अत्तरासारखं दुसऱ्याच्या नाकाखाली धरतात. आमच्या इमारतीतून कचऱ्याच्या गाडीत ओला कचरा जवळपास जातच नाही. आमच्या गटानं यासाठी चार पथनाट्यं केली होती. मास्तरांनी फक्त जिन्यात उभं राहून ओरडायचं, "लगेज! कुनाचं लगेज राहिलं का?"

प्रत्येक पाहुण्याला ते एक झाड नेमून देतात. हात धुवायचे ते आपल्याच झाडावर. निघताना त्या झाडाचं एक जून पान तोडतात, जुन्या तिकिटाच्या चिमट्यानं त्याला भोक पाडतात आणि हातात ठेवतात. "रिटर्न तिकीट. हरवायचं नाय. झाड तुमच्या हातच्या पान्यावर हाय, इसरलात तर वाळंल."

मला सीट नंबर सात मिळाला. कारलं.

"मास्तर, मलाच कारलं का?"

"तुमचं पत्रक वाचलं की मी."

क्रांती चौकात रिक्षा लावणारे रफिकभाई पुदिन्याचे मालक. दुपारच्या जेवणानंतर खरकटा हात तसाच वर धरून ते रस्ता ओलांडून येतात आणि जिन्यातूनच ओरडतात, "मास्तर, हमारा पुदिना कैसा है?" वरून उत्तर येतं, "रुसून बसलाय. काल कुठं होते?" कुरियरवाला मुलगा टोमॅटोचा धनी. पहिल्या मजल्यावरच्या काकू दोडक्याच्या, आणि दोडक्याला फूल आलं तेव्हा त्यांनी गच्चीवर पेढे वाटले.

आता सेक्रेटरीसाहेब. फलकावरचं कारण खरं असलं तरी मूळ कारण नाही. मूळ कारण शेपू. साहेब मागच्या हिवाळ्यात गच्चीची पाहणी करायला म्हणून वर आले, मास्तरांनी प्रेमानं तांब्या हातात दिला आणि त्यांना शेपूच्या कुंडीपुढं उभं केलं.

"शेपू? मला? आणि कुरियरवाल्याला टोमॅटो?"

"साहेब, शेपू लई गुणाचा. फक्त वासानं जरा लोक लांब राहतात."

त्या दिवसापासून साहेब हात धुऊन मास्तरांच्या मागे लागले. हात अर्थातच घरच्या बेसिनमध्ये धुतले.

मंगळवारी दोन हमाल घेऊन साहेब आले तेव्हा मी गच्चीच्या दारात आडवी उभी होते. लिफ्टमध्ये मी माझं नवं पत्रक चिकटवलंच होतं, ठळक अक्षरांत: 'ही बाग केवळ हात धुतलेल्या पाण्यावर जगते! तिला हात लावाल तर याद राखा!' घोषणाही दिल्या. एकटीनं घोषणा देताना 'जिंदाबाद' स्वतःच म्हणावं लागतं, तेही म्हटलं.

मास्तर हमालांना म्हणाले, "सावकाश. लेडीज सीटवर दोडका हाय, येल तुटंल." साहेबांनी चिडून दोडक्याची कुंडी स्वतःच उचलली. तिच्या मागून पालापाचोळ्याखालून एक काळी नळी वर आली. साहेबांनी ती ओढली. पाचोळा उसवत गेला, नळी वांग्याकडे गेली, वांग्याकडून पुदिन्याकडे, माझ्या कारल्याकडे, आणि शेवटी टाकीमागं झाकून ठेवलेल्या निळ्या ड्रमपाशी थांबली. मास्तरांच्या घरचं धुण्या-भांड्यांचं पाणी, वाळू-कोळशातून गाळून, छोट्या पंपानं वर चढवलेलं. ठिबक. प्रत्येक मुळाशी थेंब थेंब.

"हे बघा!" साहेब नळी नाचवत ओरडले. "ठिबक आहे! मग त्या हात धुण्याच्या नाटकाची गरज काय होती? तांब्याभर पाण्यावर दोडका येतो होय?"

सगळे मास्तरांकडे पाहायला लागले. मीसुद्धा. मी पर्यावरणाची कार्यकर्ती, आणि तांब्याभर पाण्यावर दोडका येतो असं मी छापून लिफ्टमध्ये लावलं होतं.

मास्तर चिमट्याशी चाळा करत उभे राहिले. टिक, टिक.

"नाय येत," ते म्हणाले. "ड्यूटीवर होतो तवा दिवसभर मानसं बोलायची माझ्याशी. सुट्ट्या पैशावरून भांडायची, पन बोलायची. रिटायर झालो आन् गाडी एकदम खाली झाली. आमची मंडळी तर आधीच देवाघरी गेलेली." मग नळीकडे बघत, जरा ओशाळून, "झाडांना पानी पायपातनं येतं साहेब. मानसं येत नायत."

हमालांनी उचललेल्या कुंड्या तशाच धरल्या होत्या. साहेबांच्या हाताला कोपरापर्यंत चिखल लागला होता. मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तांब्या घेऊन ते धावले.

"साहेब, हात भरलेत! या, या. तुमचा शेपू लई दिवस वाट बघतोय."

साहेबांनी हात धुतले. शेपूवर. तोंड दुसरीकडे करून, पण दोन्ही हात. कुंड्या तरीही खाली गेल्या, कारण हुकूम झाला होता आणि हुकूम मागं घेण्याइतका त्यांचा हात अजून स्वच्छ झालेला नाही. पण जाताना भोक पाडलेलं शेपूचं पान त्यांनी फेकलं नाही. शर्टाच्या खिशात घातलं. मी पाहिलं.

निकाल येत्या रविवारी आहे. संध्याकाळी पाच वाजता, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या सभेत. कुंड्या वर जाणार की वाटून टाकणार, एवढा एकच विषय. पार्किंगमध्ये ऊन नाही. माझं कारलं पिवळं पडायला लागलंय आणि मास्तर रोज स्कूटरांच्या मागं खुर्ची टाकून बसतायत.

लिफ्टमधलं पत्रक मी फाडून टाकलंय. त्यात खोटं होतं. त्याच्या जागी हे लावतेय, आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं सांगणं आहे: रविवारी या. सभासद असाल तर हात वर करायला या, नसाल तर नुसते धुवायला या. वडापाव खाऊन या, मातीत खेळून या, पंक्चर काढून या. शेपू मिळाला तर नाक मुरडू नका. आणि पार्किंगच्या दारात मास्तर म्हणतील, "पुढं सरका, पुढं सरका, मागून मानसं येतायत." या वेळी ते खरं करून दाखवा.