तीन नंबरची हिरवी पाकिटं

यंत्र स्वतःहून कधी बिघडत नाही. त्याचं मन राखण्यात माणूस कमी पडतो, तेव्हाच ते बिघडतं. हे तत्त्व जगात सगळीकडे लागू असलं, तरी त्याची लेखी कार्यपद्धती आमच्या तैपेईतच तयार झाली आणि तैपेईतही नेइहू भागातल्या 'युनशान पोस्ट' या संस्थेइतकी ती कोणी मनापासून पाळत नाही. मालिकेचं चित्रीकरण उरकलं की तिची कापाकापी, जोडाजोडी, रंग आणि आवाज ठाकठीक करून देणं हे या संस्थेचं काम. तिच्याकडे एकोणीस माणसं, अकरा संपादन-यंत्रं आणि (गेल्या जूनच्या मोजणीनुसार) एकशे अठ्ठ्याहत्तर हिरवी पाकिटं आहेत.

पाकिटात नारळाच्या चवीच्या, मक्याच्या खुसखुशीत नळ्या असतात आणि पाकिटाच्या नावाचा अर्थ 'गुणी बाळ' असा काहीसा होतो. हे पाकीट डोक्यावर ठेवलं की यंत्र गुण्यागोविंदाने चालतं. इतर कचेऱ्यांतही ठेवतात, पण एखाददुसरं, चोरून ठेवल्यासारखं. युनशानमध्ये मात्र त्याचे नियम भिंतीवर लावलेले आहेत. पाकीट हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर यंत्र इशारे देऊ लागतं आणि लाल ठेवलं तर सरळ बंद पडतं (एका नव्या संपादिकेने एकदा लाल ठेवलं होतं, ती हल्ली विमा विकते). पाकिटावर यंत्राचा क्रमांक आणि आपली इच्छा स्वच्छ अक्षरात लिहावी. पाकीट फोडू नये, खाऊ नये, त्याची मुदत संपू देऊ नये. बिघाड झाला तर एक पाकीट वाढवावं. कमी कधी करायचं, याबद्दल नियमांत काहीच नाही, कारण तसा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

या पद्धतीचं यश आकड्यांत सांगता येतं. गेल्या तीन वर्षांत दोनशे चौदा बिघाड झाले. त्यांतले दोनशे नऊ पाकिटातल्या दोषामुळे झाले असं चौकशीत सिद्ध झालं. उरलेल्या पाचांत पाकिटं निर्दोष आढळली, त्यामुळे ते बिघाड नव्हतेच असं ठरवून ते यादीतून काढण्यात आले.

यान पेई-लान ही इथली बारा वर्षांची जुनी संपादिका. सगळे तिला लानताई म्हणतात. बारा वर्षांत तिचं नाव पडद्यावर नेहमी 'साहाय्य' या मथळ्याखाली, बारीक अक्षरात आणि केशभूषेच्या अलीकडे येत असे. त्या शुक्रवारी पहिल्यांदाच 'मुख्य संपादन: यान पेई-लान' अशी एकटीची पाटी लागणार होती. मालिकेचा शेवटचा भाग रात्री आठला दाखवायचा होता आणि त्याची तयार फाइल वाहिनीकडे पाचच्या ठोक्याला पोचायला हवी होती. नाही पोचली, तर वाहिनी जुनाच एखादा भाग लावून मोकळी होणार होती आणि पुढच्या मालिकेला लानताई पुन्हा केशभूषेच्या अलीकडे जाणार होती.

सकाळी अकराला तिच्या आईचा च्याईहून फोन आला.

"जेवलीस का?"

"अकरा वाजलेत, आई."

"मग खाऊन घे. हे बघ, मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलंय. देवळाचे पुजारीसुद्धा येतायत. खुर्च्या आणल्यात. तुझं नाव किती वेळ दिसणार?"

"पावणेदोन सेकंद."

"एवढंच? मग पुजाऱ्यांना चष्मा लावूनच बसा म्हणून सांगते."

फोन ठेवून लानताईने शेवटची जुळवाजुळव उरकली आणि दीड वाजता तीन नंबरच्या यंत्रावर अंतिम फाइल काढायला लावली. याला पंचावन्न मिनिटं लागतात. यंत्र गुणी बाळासारखं चालू लागलं आणि एकाहत्तर टक्क्यांवर येऊन थिजलं. पडदा काळा झाला.

तांत्रिक विभागाचे प्रमुख को मास्तर आले. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं (पायरी एक), यंत्राकडे रोखून पाहिलं (पायरी दोन) आणि वरची पाकिटं मोजली. वीस भरली. "एक वाढवा," ते म्हणाले. खरेदी सांभाळणाऱ्या शिनबाईंनी एकविसावं पाकीट आणलं. लानताईने त्यावर 'तीन नंबर, कृपा करून शेवटपर्यंत जा' असं लिहिलं आणि पाकीट वर ठेवलं. जागा उरली नव्हती, म्हणून मागच्या जाळीपाशी, वरून तिथवर ओघळलेल्या पाकिटांशेजारी नीट खोचून ठेवलं.

दुसऱ्या खेपेला यंत्र चौसष्ट टक्क्यांवर थांबलं.

आणखी एक पाकीट आलं, तेही जाळीपाशी खोचलं. तिसऱ्या खेपेला अठ्ठावन्न.

को मास्तरांनी तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि गंभीरपणे त्यांचा अभ्यास केला. पाकिटं वाढतील तसा आकडा घसरत होता. याचा शास्त्रीय अर्थ एकच निघत होता: पाकिटं पुरत नव्हती. तेविसावं मागवण्यात आलं.

तेवढ्यात मालक थू साहेब हातात चहाचा पेला घेऊन आले. वाहिनीचे त्यांना चार फोन येऊन गेले होते.

"लानताई, काय म्हणतंय तीन नंबर?"

"काही म्हणत नाही साहेब, तोच तर त्रास आहे."

"तुम्ही त्याच्याशी तुसडेपणाने तर बोलला नाहीत ना? सकाळी?"

"बोलले असेन साहेब. पण ते तिसऱ्यांदा थांबल्यावर."

"बघा!" थू साहेब को मास्तरांकडे वळले. "आता पाकिटांची तपासणीच करा."

तीन बिघाड ओळीने झाले की सगळ्या पाकिटांची तारीख तपासायची, हा नियम सहा. सगळी पाकिटं उतरवून लांबच्या टेबलावर मांडण्यात आली. शिनबाई तारखा वाचणार, को मास्तर लिहून घेणार आणि थू साहेब साक्षीदार म्हणून सही करणार. प्रत्येक पाकिटामागे तीन सह्या. घड्याळात तीन पन्नास झाले होते.

लानताईने हिशोब केला. पंचावन्न मिनिटं फाइलला, दहा मिनिटं पाठवायला. म्हणजे आत्ता, याच क्षणी सुरू केलं तरच जमणार होतं. आणि टेबलावर शिनबाई तिसऱ्या पाकिटाची तारीख भिंगातून वाचत होत्या. गल्लीतल्या खुर्च्या, पुजाऱ्यांचा चष्मा आणि आईचा तो ठेवणीतला जांभळा स्वेटर तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने बटण दाबलं.

आवाज ऐकून को मास्तरांनी मान वर केली. "ताई! उघड्यावर?"

"उघड्यावर."

"अहो, एकसुद्धा पाकीट नाही त्याच्यावर! काय झालं तर कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या. तुम्ही लिहा तारखा."

अठ्ठावन्न आलं आणि गेलं. चौसष्ट गेलं. एकाहत्तरला शिनबाईंनी डोळे मिटून घेतले. लानताईचा हात सहज यंत्राच्या मागे गेला आणि जाळीतून फुंकल्यासारखा गरम वारा तिच्या बोटांना लागला. बारा वर्षांत तिथे वारा येतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. इतके दिवस त्या जाळीवर पाकिटंच होती.

चार पंचेचाळीसला फाइल पूर्ण झाली आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना वाहिनीकडे पोचली. थू साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

लगेच चौकशीचा निष्कर्षही हाती आला. चौदाव्या पाकिटाची मुदत मंगळवारीच संपलेली होती. ते बाजूला काढल्याबरोबर यंत्र चाललं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. (बाकीची बावीस पाकिटंही त्या वेळी टेबलावर होती, पण ती निर्दोष असल्यामुळे त्यांची नोंद घेण्याचं कारण नव्हतं.) शिनबाईंची तारखांवर नजर नव्हती, असा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला आणि त्यांनी तो आनंदाने घेतला, कारण तो छोटा होता.

सगळे पांगल्यावर लानताईने को मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, पाकिटांमुळे होत होतं. जाळी बंद होते. आत तापून मरतंय ते."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"सहा वर्षांपासून."

"अहो मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी वही मिटली. "असं बघा, पाकीट ठेवून यंत्र बंद पडलं तर चूक पाकिटाची. आणि मी पाकीट काढायला लावलं, मग दोन महिन्यांनी दुसऱ्याच कशाने ते बंद पडलं, तर चूक कोणाची? घरी दोन पोरं आहेत माझी. तुम्ही काढायला सांगताय का? लेखी देता?"

लानताईने टेबलावरची बावीस पाकिटं उचलली आणि स्वतःच, आपल्या हातांनी, एकेक करून तीन नंबरवर परत रचली. शेवटची दोन जाळीपाशी खोचली.

रात्री आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी तिचं नाव पावणेदोन सेकंद दिसलं. आई फोनवर हसत होती आणि रडतही होती. पुजाऱ्यांकडून मात्र ते वाचायचं राहून गेलं, कारण ते नेमके त्याच वेळी शिंकले.

आता तुम्ही म्हणाल, लानताईने लेखी द्यायला हवं होतं. शिकलेली बाई, हाताला वारा लागलेला, मग घाबरायचं कशाला? तुमचं बरोबर आहे. फक्त गेल्या खंडेनवमीला तुमच्या ऑफिसातल्या संगणकाला झेंडूचा जो जाडजूड हार घातला होता, तो कुठवर लोंबत होता ते जरा आठवा. मागच्या पंख्याच्या जाळीवरच ना? तुम्हाला ते दिसलंही होतं. मग तुम्ही पेढा घेतलात, हात जोडलेत आणि तो हार काढा असं कोणाला म्हणालात?