जयवंताचा चौदावा महिना

प्रसूती कक्ष बंद करण्याचा आदेश एक तारखेला आला आणि त्या दिवसापासून आमच्या तालुक्यात मुलं जन्माला येईनाशी झाली. आदेश नोटीस बोर्डावर लावला होता. पोटातल्यांना तो कसा कळला, ते मला विचारू नका. सरकारी कागद पोचायचा तिथे पोचतो.

मी करंजखेड्याच्या रुग्णालयात बावीस वर्षं सिस्टर आहे. आदेश आला तेव्हा जयवंता कुमरे चार नंबरच्या खाटेवर कळा देत होती. डोकं दिसत होतं. कळा थांबल्या आणि डोकं मागे गेलं.

तिला जिल्ह्याला नेलं, नव्वद किलोमीटर. तिथले म्हणाले, तुमच्या प्रसूती कक्षाची चिठ्ठी आणा. बंद कक्षाची चिठ्ठी कोण देणार, कपाळ! परत आणलं.

आदेशाच्या निषेधात आम्ही सगळ्या सिस्टर काळ्या फिती लावून कामावर येत होतो. आमच्यात रीत आहे, ड्युटी संपली की येणारीला खाटेपाशी उभं करून पेशंट सोपवायचा, मगच घरी जायचं. आमच्या इनचार्ज घोडमारे सिस्टरांनी वर लेखी कळवलं, चार नंबर बाळंत झाल्याशिवाय कक्षाचा चार्ज मिळणार नाही.

पाच महिन्यांनी जिल्ह्याहून आरोग्य खात्याचे साहेब आले. जयवंताला चौदावा लागला होता.

"कक्ष उघडा साहेब," घोडमारे सिस्टर म्हणाल्या. "बाई मरून जाईल."

साहेबांनी रजिस्टर चाळलं. "पाच महिन्यांत एक डिलिव्हरी नाही. मागणीच नाही, तर उघडायचं कशाला? उलट बालमृत्यू शून्य. मी तर तुमचं अभिनंदन करायला आलोय."

"अहो, जन्मलंच नाही तर मरेल कोण?"

"तेच म्हणतोय मी."

माझं डोकं सणकलं. "तिच्या पोटाला एकदा हात लावून बघा," मी म्हणाले.

"ते माझ्या अखत्यारीत येत नाही." त्यांनी कागदावर लिहिलं, चार नंबरची खाट जिल्ह्याच्या भांडारात जमा करावी. खाट नाही म्हणजे पेशंट नाही. संध्याकाळपर्यंत खाट गेली आणि कक्षाला कुलूप लागलं.

जयवंता आता व्हरांड्यात सतरंजीवर असते. काल दुपारी मी घोडमारे सिस्टरांना तिचा चार्ज देत होते. "जयवंता कुमरे, चौदावा महिना, बाळाचे ठोके एकशे चाळीस."

"अजून किती दिवस वं सिस्टर?" जयवंतानं विचारलं. "पाठ मोडून राहिली माझी."

मी काही बोलायच्या आत तिच्या पोटातून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"उघडलं का?"

घोडमारे सिस्टर भिंतीकडे बघू लागल्या. उत्तर मलाच द्यायचं होतं. मी पोटाशी वाकले.

"उद्या," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणालं आणि कूस बदलून झोपलं. जयवंतानं तोंडात पदर कोंबला. मलाही रडू आवरेना, कारण ते आता माझ्या शब्दावर थांबलं होतं.