न उघडलेला मेजर ग्रॅनिट

माणसाचं बालपण किती सुखात गेलं, हे त्याच्या खेळण्यांवरून शास्त्रशुद्ध रीतीने ठरवता येतं. खेळणं जितकं धडधाकट, तितकं बालपण वाया गेलेलं. ओहायोतलं आमचं वीरपुतळे संग्राहक मंडळ (बाहुल्या म्हणायचं नाही, सभासद दुखावतात) याच तत्त्वावर उभं आहे.

दर महिन्याला अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये पन्नाशीचे पुरुष पांढरे सुती हातमोजे घालून जमतात. लहानपणी जे पुतळे त्यांनी स्वतः चिखलात लोळवले, तसलेच पुतळे दुसऱ्या कुणी लोळवले तर नाहीत ना, याची खात्री करून घेतात. डोनट व्हरांड्यात खायचे. मी मंडळाचा परीक्षक. डबाबंद पुतळ्याला नव्वदच्या वर गुण, डबा उघडलेला असला तर निम्मे, आणि ज्याच्याशी कुणी खेळल्याचं सिद्ध होईल त्याला ‘बाधित’ असा शेरा. आमच्या पाहणीनुसार उत्तम माल अशा घरांतून येतो, जिथे मूल आजारी होतं, शिक्षेत होतं, किंवा त्याला खरं तर सायकल हवी होती. हसत्याखेळत्या घरातून आजवर एकही धड वस्तू आलेली नाही.

ड्वेन केस्लरची हीच पंचाईत होती. हा आमच्या गावचा प्लंबर. बालपण अतिशय आनंदात गेलेलं. त्याच्या मेजर ग्रॅनिट या सैनिक पुतळ्याचा एक कान कुत्र्याने खाल्लेला, एक पाय शेगडीवर वितळलेला. मी त्याला चार गुण दिले, तेही ओळखीखातर. वार्षिक प्रदर्शनात मधलं टेबल मिळावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. पण इतक्या लाडात वाढलेल्या माणसाला मधलं टेबल कोण देणार?

आणि मग त्याच्या आईने, व्हर्नाबाईंनी, शिवणाचं कपाट आवरायला काढलं. ड्वेन नऊ वर्षांचा असताना नाताळच्या तोंडावर त्याने चेंडू मारून चर्चची रंगीत काच फोडली होती. जुन्या मेजरची दशा बघून बाईंनी त्याच्यासाठी नवा आणून, कागदात बांधून ठेवला होता. शिक्षा म्हणून तो दिलाच नाही. ईस्टरला देऊ म्हणाल्या आणि विसरल्या. तो आता सापडला. ठेवणीतला कोट घालून, डबा मांडीवर घेऊन, बाई स्वतः हॉलमध्ये आल्या.

डबा तर बंद होताच, वरचा नाताळचा कागदही जसाच्या तसा. अध्यक्ष लॉयड यांनी टोपी काढली. मी शंभरपैकी शंभर दिले. आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, अशी शंका एका नवख्याने काढली. जे दिसतच नाही त्यात खोट काढता येत नाही, हे आम्ही त्याला समजावलं.

अडचण वेगळीच निघाली. बाईंनी तो प्रदर्शनासाठी आणलाच नव्हता.

“उघड ना रे,” त्या म्हणाल्या. “त्या नाताळला झाडाखाली हात घालघालून शोधत होतास. रात्रभर झोप नाही लागली मला. हा बघून तुझं तोंड कसं होतं, ते बघायचं राहून गेलंय माझं.”

ड्वेनने हातमोज्यातली बोटं कागदाच्या कडेखाली सरकवली. फाड बाबा एकदाचा, असं मलाही वाटून गेलं (याची नोंद इतिवृत्तात नाही). मग त्याने मधल्या टेबलाकडे पाहिलं.

“आई, उघडला तर काही किंमत राहणार नाही गं.”

“कुणाला?” बाईंनी विचारलं.

या प्रश्नाची नियमांत तरतूद नसल्याने अध्यक्षांनी डोनटची सुट्टी जाहीर केली.

ड्वेनला मधलं टेबल मिळालं. डबा आता त्याच्या बैठकीत काचेच्या पेटीत असतो. समोर आईसाठी खास खुर्ची ठेवली आहे. मुलगा म्हणून तो कुठे कमी पडत नाही. वाढदिवसाला तिने स्वेटर विणला, तर त्याला इतकं भरून आलं की तोही त्याने पिशवीत सीलबंद करून ठेवला. व्हर्नाबाई ब्याऐंशीच्या आहेत. चर्चहून येतात, खुर्चीत बसून कागदाकडे बघतात, जातात. मागे मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, मी आहे तोवर उघडता येईल का हो. नियम बघून सांगतो म्हटलं. नियम मीच केलेत.

तो कान खाल्लेला मेजर त्यांनी आपल्या घरी नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा केलाय. ड्वेन नळ दुरुस्त करायला तिथे जातो, तेव्हा आई पलीकडच्या खोलीत आहे असं बघून मेजरला नळावर चढवतो. उघड्या हातांनी. तिथला नळ हल्ली फार वेळा बिघडतो.

तुम्ही हसताय. हसा. हसून झालं की उठून तुमच्या काचेच्या कपाटात एकदा बघा. तो सोनेरी काठाचा कपांचा सेट, कुणी आलं की काढायचा म्हणून ठेवलेला. इतक्या वर्षांत तुमच्याकडे कुणी आलेलं दिसत नाही. एकाही कपाला टवका नाही; माझ्याकडून शंभरपैकी शंभर. ज्या बाईने तो हौसेने घरात आणला, ती आत कान तुटलेल्या कपातून चहा पितेय.