सर्पशास्त्र विभागातली नवी दोरी

एका जंगलात सगळं काही होतं. प्यायला झरा होता, चरायला गवत होतं, भ्यायला वाघ होता. नव्हतं ते फक्त विद्यापीठ.

मग भाऊसाहेब रानडुकरांनी ते काढलं.

भाऊसाहेबांचा मूळ धंदा कंद उकरण्याचा. उकरता उकरता टेकडीचा एक उतार मोकळा झाला. त्याला त्यांनी कुंपण घातलं, पुढे कमान उभारली आणि कमानीवर स्वतःचं चित्र लावलं. झालं विद्यापीठ. कमानीच्या मागे काय आहे, असं विचारायचं नसतं, मुलांनो. कमान बघायची आणि आत जायचं.

कुलगुरू म्हणून सांबर आले. त्यांची शिंगं इतकी मोठी होती की शिंगांच्या खाली काय आहे, याची चौकशी निवड समितीने केलीच नाही.

विद्यापीठात चार विभाग होते. त्यातले तीन जाहिरातीत भरत. चौथा मात्र खरोखर भरत असे. तो सर्पशास्त्र विभाग. त्याला कारण होतं. भाऊसाहेबांनी पंचायतीत बसून एक नियम करून घेतला होता: यापुढे पदवी असल्याशिवाय जंगलात कुणी नाग मारायचा नाही.

टेकडीखालच्या बांधात एक मुंगशीण राहत होती. तिने आयुष्यात अकरा नाग मारले होते. नियम आला आणि तिला हात बांधून बसावं लागलं. नागांना हे कळायला वेळ लागला नाही. ते बिळाच्या तोंडाशी येऊन ऊन खाऊ लागले.

मुंगशिणीने लेकीला हाक मारली. "पिंगे, मी आता या वयात कुठली शिकतेय. तू जा आणि तो कागद घेऊन ये. आत तीन पिल्लं आहेत, अजून डोळेसुद्धा न उघडलेली. घरात एकाला तरी उजळ माथ्याने नाग मारता आला पाहिजे."

"आई, मला येतो की मारता."

"तुला येतो ते मला माहितीये गं. त्यांना माहीत व्हायला पाहिजे."

पिंगी गेली. तिच्या शेजारी बाकावर ससुली नावाची सशाची पोर होती. तिला खरं तर पाककला शिकायची होती. पण तो विभाग जाहिरातीतलाच निघाला, म्हणून तिला सर्पशास्त्रात बसवलं होतं.

शिकवायला साळू मॅडम होत्या. जातीने साळिंदर. त्यांचा प्रबंध 'दोरीतील सर्पभास' या विषयावर होता. नाग त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाहिला असता तर निष्कर्षात पूर्वग्रह आला असता, असं त्या सांगत.

प्रयोगशाळेत एक दोरी होती. काथ्याची. तिच्या एका टोकाला गाठ मारलेली होती. ती गाठ म्हणजे फणा. या दोरीवर मुलांनी तीन वर्षं प्रात्यक्षिक केलं. प्रात्यक्षिकाच्या पायऱ्या सात: उद्देश, साहित्य, आकृती, निरीक्षण, पवित्रा, झेप, निष्कर्ष.

पिंगी दर वेळी आधी झेप घ्यायची.

"अगं, आकृती न काढता झेप?" साळू मॅडमचे काटे उभे राहायचे. "निरीक्षण कुठेय?"

"मॅडम, आकृती काढेपर्यंत तो चावेल ना."

"असं कोण म्हणतं?"

"आई म्हणते."

"आईचा संदर्भ चालत नाही. कुठे छापून आलंय का?"

कुठेही छापून आलं नव्हतं. पिंगीच्या जर्नलवर लाल रेघा वाढत गेल्या. तरी ती तिसऱ्या वर्षापर्यंत पोचली. आता फक्त शेवटचं प्रात्यक्षिक उरलं होतं. ते झालं की कागद हातात, आणि घरातली पिल्लं, यंदाची नवी धरून, निर्धास्त.

नेमकी त्याच दिवशी मूल्यांकन समिती येणार होती.

समिती येणार म्हटल्यावर विद्यापीठात जी धावपळ होते, ती पाहून कुणालाही वाटेल की वणवा लागला. शेजारच्या बागेतून कुंड्या उसन्या आणल्या. पलीकडच्या कॉलेजातून चाळीस माकडं विद्यार्थी म्हणून आणली आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. त्यांनी पुस्तकं उलटी धरली होती, पण दारातून फोटो काढला तर ते कळत नव्हतं.

प्रयोगशाळा उघडायचं काम कासवमामांकडे होतं. मामा निवृत्तीला आले होते आणि त्यांना कसलीच कटकट नको होती. त्यांनी दार ढकललं आणि त्यांचं डोकं आपोआप कवचात गेलं. दोरीच्या जागी नुसता भुसा! रात्रीतून घुशीने ती कुरतडली होती.

मामांनी हळूच डोकं बाहेर काढून पाहिलं, तर कोपऱ्यात वेटोळं घातलेली दुसरी दोरी. काळीभोर, चकचकीत, मधोमध चांगली जाड.

"वा! भाऊसाहेबांनी नवीन पाठवली वाटतं," मामा म्हणाले. "सांगायची पद्धतच नाही."

ती दोरी म्हणजे नाग होता, हे तुम्हाला कळलंच असेल. घूस त्याच्या पोटात होती, म्हणून तो सुस्त पडला होता. पण नागाला नाग म्हणणं हे कासवमामांच्या कामात बसत नव्हतं. वस्तू आली की तिच्यावर क्रमांक टाकायचा, हे बसत होतं. त्यांनी चुन्यात काडी बुडवली आणि नागाच्या पाठीवर 'स. शा. १७' असं लिहिलं. हे मी सांगतेय तरी माझ्या अंगावर काटा येतोय. मामांच्या अंगावर आला नाही. टणक पाठीचे असे फायदे असतात.

दहा वाजता समिती आली. अध्यक्ष बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले. दोन सदस्य नाश्ता जास्त झाल्यामुळे टेकून बसले. भाऊसाहेब आणि कुलगुरू हात जोडून दाराशी थांबले.

"पहिली, ससुली," साळू मॅडमनी पुकारलं.

ससुली वही घेऊन पुढे झाली. तिने उद्देश लिहिला. साहित्य लिहिलं. आकृती काढायला ती वीतभर अंतरावर बसली.

रांगेत मागे उभ्या असलेल्या पिंगीच्या नाकाला वास आला.

"मॅडम! हा खरा आहे!"

"पिंगी, परीक्षेत बोलायचं नाही."

"मॅडम, तो श्वास घेतोय!"

बगळेसाहेबांनी मान लांब केली. "श्वाससुद्धा घेतो? अरे वा."

"अत्याधुनिक आहे, साहेब," कुलगुरू म्हणाले.

नागाने डोकं उचललं. मग फणा काढला. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी नाग आणखी चिडला.

"मॅडम," ससुलीचा आवाज अगदी बारीक झाला होता, "आकृती हलतेय."

"रबर घे आणि पुन्हा काढ."

नाग मागे झुकला. आणि पिंगीने झेप घेतली.

पुढे काय झालं ते मी सविस्तर सांगत नाही. तुम्हाला आज झोप लागणार नाही आणि मला तर मुळीच नाही. एवढंच सांगते, की दोन क्षणांत नाग गप्प झाला, आणि ससुली वही छातीशी धरून तशीच बसून होती.

टाळ्या थांबल्या. मग कुलगुरूंच्या तोंडून पहिला शब्द फुटला.

"अगं कार्टे, उपकरण मोडलंस!"

आठवड्याने निकाल लागला. विद्यापीठाला ए-प्लस मिळालं. शेरा होता: 'उपकरणांचा जिवंतपणा वाखाणण्याजोगा.' ससुलीला सुवर्णपदक मिळालं, कारण प्रसंग कठीण असूनही तिने जागा सोडली नाही. तिला लगेच तासिका तत्त्वावर प्राध्यापिकाही केलं. पिंगी नापास झाली.

ती कुलगुरूंकडे गेली. "सर, नाग मेला ना?"

"मेला असेल. पण गुण कुठे देऊ? आकृती शून्य. निरीक्षण शून्य. निष्कर्ष लिहिलेलाच नाही. गुणपत्रिकेत 'नाग मेला' असा रकाना नाही, बाळ."

पिंगी घरी आली. आई बिळाच्या तोंडाशीच होती.

"कुणी मारला म्हणे?"

"मी."

"मग?"

"नापास."

मुंगशिणीने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "मी अकरा मारले. म्हणजे मी अकरा वेळा नापास झाले असते."

इकडे ए-प्लस टिकवायचं तर तसलंच उपकरण पुन्हा हवं होतं. भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. जंगलभर सूचना लागली: 'पाहिजे. काळा, चकचकीत, फणा काढणारा, श्वास घेणारा. नमुन्यासह प्रत्यक्ष भेटावे.'

तिघे भेटायला आले. नमुना वेगळा आणायची त्यांना गरज नव्हती. कमानीखालून रांगेने, शिस्तीत आत गेले. कुलगुरूंनी उठून त्यांचं स्वागत केलं.

थोड्याच वेळात ससुली उड्या मारत बांधाकडे आली. गळ्यातलं पदक पाठीवर गेलं होतं.

"पिंगे, तीन आहेत! तीन! भाऊसाहेब टेबलावर चढलेत. मॅडम कपाटात आहेत. कुलगुरूंची शिंगं दारात अडकलीत. सरांनी निरोप दिलाय, असशील तशी ये."

मुंगशीण सवयीने उठून उभी राहिली. पिंगीही उठली होती. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुंगशीण खाली बसली.

"तुझा तो विषय राहिलाय ना गं?" तिने विचारलं.

"राहिलाय, आई."

पिंगीने एका पिल्लाला आत ढकललं आणि ससुलीला बसायला जागा करून दिली.

"सरांना इथूनच ओरडून सांग," ती म्हणाली. "माझी फेरपरीक्षा पुढच्या सत्रात आहे. तोवर नागांना थांबायला सांगा म्हणावं."

तात्पर्य: मुलांनो, नागाला उगाच भिऊ नये. नाग फार तर एकदा चावतो. समिती दर पाच वर्षांनी येते. आणि ज्याला काम येतं, त्याने निदान परीक्षेच्या दिवशी तरी ते करू नये.