तिसऱ्या दिव्याखालचे गृहस्थ

लेनर्ड ऑटवेच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते आणि गावात त्याला ओळखणारा एकही माणूस नव्हता.

लोअर हॅझलबीत तो चोवीस वर्षं राहत होता, म्हणजे झोपायला येत होता. सकाळी सात चौदाची लंडनची गाडी, संध्याकाळी पावणेसातला परत. गाव काय ते त्यानं शनिवार-रविवारी पाहिलेलं, तेही गवत कापायच्या यंत्रामागून. बायको होती तोवर हे खपून गेलं. तीन वर्षांपूर्वी ती वारली. आता घरी बसायचं म्हणजे भिंतींशी बोलायचं.

ओळख म्हणावी तर एकच. फलाटावर तिसऱ्या दिव्याखाली करडा मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ उभे राहत. लेनर्ड त्यांच्या डावीकडे. रोज एकमेकांकडे पाहून मान हलवायची, की झालं. नाव पहिल्या आठवड्यात विचारायचं राहिलं आणि नंतर विचारणं बरं दिसेना. आता मात्र त्यानं मनाचा हिय्या केला. सोमवारी विचारायचंच.

सोमवारी गृहस्थ आले नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत. दिव्याखालची जागा तशीच रिकामी; तिथं दुसऱ्या कुणी उभं राहणं या गावात शोभलं नसतं. शेवटी लेनर्डनं फलाटावर तोंड उघडलं. पलीकडच्या लाल पिशवीवाल्या बाई दचकून एक पाऊल मागे सरल्या.

"ते... इथं उभे राहायचे ते?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगा. तुम्ही त्यांचे मित्र ना?"

मित्र हा शब्द लेनर्डनं मनात एकदा म्हणून पाहिला. त्यानं एक लांब सुस्कारा सोडला आणि त्या सुस्काऱ्यानंच घात केला. बाईंनी डोळे मिटले. संध्याकाळच्या गाडीपर्यंत गृहस्थ गावात अधिकृतपणे वारलेले होते.

गुरुवारी टफनेलबाई दारात हजर. त्या गावसमितीच्या अध्यक्ष आणि गावाच्या एकतीस पानी इतिहासाच्या लेखिका. तीस पानांत प्लेग, चर्चचा मनोरा आणि टफनेल घराणं. एकतिसाव्यावर एवढंच, की रेल्वे आली आणि लोक सकाळी बाहेर जाऊ लागले. त्यानंतर गावात काही घडलंच नव्हतं आणि बाईंना ते फार लागून राहिलं होतं.

"ऑटवेसाहेब, फलाटावर त्यांच्या स्मरणार्थ बाक बसवायचं ठरलंय. भाषण तुम्ही करायचं."

"बाई, ते खरंच गेलेत का, हे मला—"

"मन घेत नाही, कळतं हो मला." त्यांनी त्याचा हात थोपटला. तीन वर्षांत कुणी त्याचा हात धरला नव्हता. त्यानं तो काढून घेतला नाही. "बरं, नाव काय त्यांचं? पाटीवर घालायला."

चोवीस वर्षं शेजारी उभं राहून नाव माहीत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"त्यांना गाजावाजा आवडायचा नाही," लेनर्ड म्हणाला.

"अगदी आपल्या गावचा माणूस," बाई गहिवरल्या. "तूर्त जागा मोकळी सोडते. घरच्यांना विचारून सांगा, कोरून घेऊ."

शनिवारी फलाटावर साठेक माणसं जमली. लेनर्ड आयुष्यात प्रथमच भरभरून बोलला. गृहस्थांचा शांतपणा, वक्तशीरपणा, पावसात छत्री किंचित त्याच्या बाजूला कलती धरणं. बोलता बोलता त्यालाच रडू आलं, कारण यातलं एक अक्षरही त्यानं त्या माणसाला ऐकवलं नव्हतं. डोळे पुसून वर पाहिलं, तर मागच्या रांगेत हातात सॉसेज रोलची बशी घेऊन ते उभे. त्यांचेही डोळे ओले.

टाळ्या पडल्या. गृहस्थांनीही वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर ते जवळ आले. "छान बोललात. माझा गुडघा धरलाय, म्हणून घरूनच काम करतो हल्ली. खिडकीतून गर्दी दिसली म्हणून आलो. कुणाबद्दल चाललंय ते जरा उशिरा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे रडत होते हो. मध्येच कसं बोलायचं?"

लेनर्डला ते पटलं. आपणही तेच केलं असतं, हे जाणवून त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या चहाला याल माझ्याकडे?"

"आता कसं जमणार? टफनेलबाईंनी मघाशी मलाच विचारलं, गेलेल्या गृहस्थांची तुमची ओळख होती का म्हणून. नाही म्हटलं. मी इथं नवीन, सव्वीसच वर्षं झाली."

"निदान नाव तरी सांगा."

गृहस्थांनी आधी बाकावरच्या पितळी पाटीकडे पाहिलं, मग पलीकडे उभ्या असलेल्या बाईंकडे.

"नको. तुम्ही सरळ माणूस आहात. त्यांनी विचारलं तर सांगून टाकाल." आणि ते लंगडत निघून गेले.

टफनेलबाई आल्या. "कोण हो ते?"

"ठाऊक नाही," लेनर्ड म्हणाला. या सगळ्या प्रकरणात तो पहिल्यांदाच खरं बोलत होता.

बाईंनी पुन्हा त्याचा हात थोपटला. "असले नवखेच फार झालेत गावात. जिवंतपणी कुणाशी दोन शब्द बोलतील तर शपथ."