दुहिता आणि गुणवंताची म्हैस

"शब्दाबद्दल एक शब्द काढाचा नाही," असं शालिकराममामांनी श्रीधरला सौंसरच्या स्टँडवर बजावलं, बस सुटल्यावर बजावलं आणि पांढुर्णा आल्यावर खांद्याला धरून पुन्हा बजावलं.

श्रीधर सौंसरच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे. त्याला दारूचा, पत्त्यांचा, तंबाखूचा कसलाही नाद नव्हता. तंबाखूचा असता तर बरं झालं असतं, असं मामांचं मत होतं. तंबाखू निदान थुंकता येते. श्रीधरला शब्दांची मुळं खणायचा नाद होता आणि तो कुठंही उफाळून येई. मागच्या महिन्यात लोधीखेड्याला मुलगी पाहायला गेले असताना त्यानं मुलीच्या आजीला सांगितलं होतं, की आपला 'विधवा' आणि इंग्रजांचा 'विडो' एकच शब्द आहे, अन् हजारो वर्षं झाली तरी टिकून आहे. हे त्यानं फार प्रेमानं सांगितलं होतं. लोधीखेड्याच्या लोकांनी भरलेले चहाचे कप परत उचलून नेले.

पांढुर्ण्याला भगवंतरावांच्या घरी मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. बोलावं लागू नये म्हणून श्रीधर तोंडात सतत पोहे ठेवून होता. मुलगी विजयमाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती येऊन बसली. श्रीधरनं तिच्याकडे पाहिलं आणि पोहे चावायचे राहून गेले. ती त्याला आवडली होती.

तेवढ्यात भगवंतरावच म्हणाले, "तुम्ही संस्कृत शिकवता म्हणते. मंग सांगा बरं, पोरीले संस्कृतात काय म्हणते?"

मामांनी डोळे मिटले.

"दुहिता," श्रीधर म्हणाला. इथं थांबता आलं असतं. "फारसीत दुख्तर. जर्मनीत टोख्टर. इंग्रजीत डॉटर. सगळा एकच शब्द. अन् त्याचा मूळ अर्थ, दूध काढणारी."

"पोहे मस्त झाले," मामा घाईघाईनं म्हणाले.

पाहुणे गेल्यावर भगवंतराव बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आजवर त्यांनी नात्यातली कितीतरी लग्नं जमवली होती आणि एक गोष्ट पक्की ओळखली होती. मुलाकडचे कधी सरळ मागत नाहीत. थोरल्या मुलीच्या वेळी व्याही नुसतं म्हणाले होते, "आमच्याकडे उन्हाळा लय असते," आणि भगवंतरावांनी टेबलफॅन दिला होता. "पोरगा पायीच जाते," म्हणाले तेव्हा सायकल दिली होती. श्रीधर शब्दाचं मूळ शोधत असे, भगवंतराव बोलण्याचं. दोघांच्याही कामात पुरावा थोडा आणि खात्री फार.

"दूध काढता येणारी पोरगी पाह्यजे त्याले," ते शेवटी म्हणाले.

"त्याहीनं फक्त अर्थ सांगतला बाबूजी," विजयमाला म्हणाली.

"अर्थ कोणी फुकट सांगत नाही."

"मंग विचारून घ्या ना सरळ," विजयमालेची आई देवकाबाई म्हणाल्या.

"मुलीचा बाप विचारते का कधी? विचारलं तर त्याहीले वाटन, याले समजलंच नाही."

विजयमालेला याआधी तीन जण पाहून गेले होते. एकानं तिला चालून दाखवायला लावलं होतं, दुसऱ्यानं नोकरी कधी सोडणार ते विचारलं होतं, तिसऱ्याच्या आईनं वेणी ओढून पाहिली होती. या मास्तरानं मात्र तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू काही एखादा शब्द लांबून, फार देश ओलांडून त्याच्यापुढे येऊन बसला आहे. तिला हे स्थळ हवं होतं. ती म्हणाली, "शिकतो. त्यात काय हाय?"

त्यात बरंच काही होतं. घरी बैल होते, संत्र्याची झाडं होती, पण दूध नदीपलीकडून, सावरगावच्या गुणवंताकडून येई. गुणवंता तिला शिकवायला तयार झाला. त्याच्या म्हशीला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी म्हशीनं बादलीत पाय ठेवला. पुढं विजयमालेच्या हाताखाली दूध निघायला लागलं, तिकडं सौंसरहून होकार आला, आणि साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, दोन दिवस उरले असताना म्हशीनं तोच पाय तिच्या अंगठ्यावर ठेवला. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला. विजयमाला लंगडू लागली.

"आता?" देवकाबाई रडकुंडीला आल्या. "लंगडी पाहून परत जातीन ते!"

भगवंतरावांनी विचार केला. मुलीनं चालायला नको. म्हणजे पाहुणे येतील तेव्हा तिनं आधीच बसलेलं असायला हवं. बसून करायचं काम कोणतं? "दूध काढते ना ते!" ते ओरडले. "म्हशीपाशी बसलेलीच दाखवू!"

सावरगावहून पांढुर्ण्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या खेळात, दगड येतात. साक्षगंधाच्या दुपारी म्हैस आली. मागून पारडू घेऊन गुणवंता आला. पाहुण्यांसमोरच दूध निघावं म्हणून म्हशीला सकाळपासून तसंच ठेवलं होतं. पाहुणे तीनला यायचे होते. सौंसरची बस वाटेत पंक्चर झाली. चारच्या पुढं म्हैस ओरडायला लागली, पाचला पारडूही, आणि सहाच्या सुमारास मामा, श्रीधर आणि बाकी पाहुणे अंगणात शिरले, तेव्हा कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. अंगणाच्या मधोमध जरीच्या साडीत, मांडीशी बादली धरून विजयमाला बसली होती.

"हे काय?" श्रीधरनं विचारलं.

"तुमची इच्छा!" भगवंतराव म्हशीच्या वरताण ओरडले. "दूध काढणारी!"

"ती इच्छा नव्हती. ती व्युत्पत्ती होती."

भगवंतरावांचा चेहरा उतरला. ते देवकाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "आता हे व्युत्पत्ती कुठून आणाची?"

श्रीधर प्रामाणिक माणूस होता, आणि प्रामाणिकपणाला वेळेचं भान नसतं. तो पुढं म्हणाला, "अन् ती पक्कीही नाही. जुन्या पंडितांनी सांगितलेली आहे. नवे अभ्यासक म्हणतात, शब्द फार जुना आहे, पण त्याचा दुधाशी संबंध असेलच असं काही नाही."

विजयमाला उभी राहिली. त्याच्याकडे दोन पावलं आली. ती दोन पावलं सगळ्यांनी पाहिली.

"पायात दोष हाय," मामा गंभीर आवाजात म्हणाले. "हे सांगाले पाह्यजे होतं."

"दोष नाही मामाजी," विजयमाला म्हणाली. "हे दुहिता हाय."

श्रीधरनं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. शब्दांच्या मागं मागं तो इराणपर्यंत, जर्मनीपर्यंत गेला होता. तोंडातून सुटलेला शब्द पुढं कुठवर जातो हे पाहायला तो कधी गेला नव्हता. हा शब्द पांढुर्ण्यापासून सावरगावपर्यंतच गेला होता, पण वाटेत एवढं करून गेला होता.

"तुम्ही मला विचारलं असतं तर..." तो कसाबसा म्हणाला.

"इथं कोणी विचारत नाही. मी दिवसभर लोकाहीचे फोन जोडून देतो, तिथंबी तेच. ट्रंक कॉल लावते, तीन मिनिटं हवापाणी बोलते, अन् जे सांगाचं ते मनातच ठेवून देते." म्हैस पुन्हा ओरडली. विजयमालेनं पदर खोचला. "आता ते राहू द्या. तुमच्या शब्दाचं म्हशीले काही नाही, तिचे थानं ठणकून राहिले. शेपटी धरा. तोंडावर मारते ते."

श्रीधरनं शेपटी धरली. विजयमाला खाली बसली आणि बादलीत धारा वाजू लागल्या. म्हैस गप्प झाली, पारडू गप्प झालं, तसे पाहुणेही गप्प झाले. अंगणावर पहिली चांदणी निघाली होती. श्रीधरनं वर पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बोला," विजयमाला मान न उचलता म्हणाली. "आलं काहीतरी तोंडात."

"काही नाही."

"बोला ना जी. फक्त मले सांगा, बाबूजीले नको."

मग त्यानं हळू आवाजात सांगितलं. आपला तारा, इराण्यांचा सितारा, इंग्रजांचा स्टार. वर बघणारे लोक एकमेकांपासून लांब लांब गेले, पण शब्द बरोबर घेऊन गेले.

"मंग?" ती म्हणाली. "पुढं?"

आजवर श्रीधरला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण 'पुढं?' कोणीच विचारलं नव्हतं. मामांनी ते ऐकलं, खिशातून पेढ्याचा पुडा काढला आणि देवकाबाईंच्या हातात दिला. "जमलं," ते म्हणाले. "अंगठ्याले हळद लावा."

भगवंतराव मात्र दूर उभे राहून बारकाईनं पाहत होते.

"काय बोलून राहिला तो?" त्यांनी विचारलं.

"मले नाही ऐकू येत," देवकाबाई पेढा मोडत म्हणाल्या. "जमलं ना आता?"

"ऐकाची गरजच नाही. तू त्याचे हात पाह्य. धार संपली, बादली उचलली, तरी शेपटी सोडून नाही राहिला." त्यांनी मान डोलावली. "म्हैस पाह्यजे त्याले."

आणि ते गुणवंताकडे गेले.

"गुणवंता, म्हैस देतं का?"

"नाही ना भाऊ. घरातल्यासारखी हाय. विकाचीच नाही मले."

भगवंतराव समाधानानं हसले.

"समजलं," ते म्हणाले. "उद्या सकाळी पैसे घेऊन येतो."