तीन विती लांबून

सदूभिया कुणाच्या घरी गेला की चहा घ्यायच्या आधी घरधन्याला दिवा फुंकायला लावायचा. शेजारी पोरगी बघायला पाहुणे आले, तर नवरदेवालाच उभं केलं. त्यानं विझवला तेव्हा म्हणाला, "बिल्कुल ठीक. द्या पोरगी."

मध्य भारत म्हणायचे तेव्हा इकडच्या मुलखाला. मल्हारगंजात आमच्या एकेक खोल्या, मधे नळाचा चौक. पुरुष सगळे कापडमिलमध्ये. सदूभियाही तिथलाच, घरात एकटा. त्याच्याकडे घासलेटची चिमणी होती, काच नसलेली. ती स्टुलावर ठेवायचा आणि माणसाच्या तोंडापासून ज्योतीपर्यंत तीन विती मोजायचा. "एकच फुंकर. कायदा आहे, भिया." विझली तर छाती चांगली. नाही विझली तर रुईनं, कापसाच्या धुरळ्यानं खाल्ली.

सासूबाई चिडायच्या. "मेल्या, दिवा तोंडानं विझवतात का?"

"काकू, ही देवापुढची नाही. घासलेटची आहे, हिला पाप लागत नाही."

आमचे हे कार्डिंग खात्यात. तिथं मशीनवर कापूस पिंजतात. घरी यायचे तर मिशा पांढऱ्या. रविवारी सुट्टी, माणूस ठीक. सोमवारी कामावरून यायचे ते छाती आवळूनच. म्हणायचे, काल कचोरी जास्त झाली.

"मग ती कामावर गेल्यावरच का चढते?" सदूभिया विचारायचा.

एका सोमवारी मुकादम ह्यांना म्हणाला, घडीखात्यात जागा आहे, सकाळी सांग. तिथं तयार कापडाच्या घड्या घालायच्या, रुई नाही. हे म्हणाले, घड्या घालणं बायकांचं काम. मी रडले नाही. रडून ऐकणारा माणूस नव्हता. पण हे भिंतीला टेकून, बसूनच झोपायला लागले होते, ते मला दिसत होतं.

संध्याकाळी सदूभिया आला. "चल, चिमणीला विचारू. विझली तर रहा कार्डिंगमध्ये. नाही विझली तर सकाळी घडीखातं."

"लाव, सद्या. मागच्या सोमवारी विझवलीच की."

चौकात गलका झाला. कुणी म्हणालं, "सदूभिया, स्वतः कधी फुंकशील?" तो हसला नाही. मोठ्यानं विती मोजल्या. हे डोळे मिटून श्वास भरत होते. मी नळाशी बसून घागर घासत होते, समोर स्टुलाचे पाय. सदूभियानं पायाच्या अंगठ्यानं स्टूल ह्यांच्यापासून मागे सरकवलं. हळूच, चांगली अर्धी वीत.

फुंकर गेली. ज्योत वाकली, खूप वाकली, आणि परत उभी राहिली.

"आणखी एक."

"कायदा आहे, भिया."

हे सकाळी घडीखात्यात गेले.

त्याच दिवशी नळावर मी विचारलं, "भावजी, काल कायदा कुठे गेला होता?"

तो बादलीत बघत राहिला. "वहिनी, माझा धाकटा भाऊ कार्डिंगमध्येच होता. त्याची फुंकर पोचेना, तर मी स्टूल त्याच्याकडे सरकवायचो. खुश व्हायचा. म्हणायचा, बघ दादा, एकदम फिट. आणि जायचा कामावर."

बादली भरून वाहायला लागली. त्याला दिसलं नाही. मीच नळ बंद केला.

हे घड्या घालत घालत म्हातारे झाले. शेवटपर्यंत म्हणायचे, त्या दिवशी वारा होता.

मी म्हणायची, होता.